गांधीजींसमोर गांधीजींशी असहमत: झाकीर हुसेन यांचं वर्धा आणि आजची आपली घरं

गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत एक नवीच अडचण होऊन बसली आहे. कोणताही विषय निघाला की ‘नेमकं काय झालं?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तू कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न आधी येतो. वक्फच्या कायद्याचंच घ्या. कॉलेजात शिकणारी मुलगी जेवताना म्हणाली, की त्यातली एखादी तरतूद मला बरी वाटते, तर चाचाजान लगेच म्हणणार, “बेटा, तू पण त्यांचीच भाषा बोलायला लागलीस.” तीच मुलगी कॉलेजात म्हणाली, की या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी अन्यायाच्या आहेत, तर तिथे तिला वेगळं लेबल लागतं. दोन्हीकडे मतांचं तयार पाकीट ठेवलेलं आहे. घ्यायचं तर अख्खं घ्या. उघडून, निवडून घ्यायची सोय नाही.

यावर उपदेश करण्यापेक्षा एक उदाहरण सांगावं असं आम्हाला वाटतं. उदाहरण आपल्या वर्ध्याचं आहे, जुनं आहे, आणि त्यातला माणूस आपल्याला नावाने तरी नक्की माहीत आहे. भारताचे तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन.

साल १९३७. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढे त्याचं नाव नवभारत विद्यालय झालं) २२ आणि २३ ऑक्टोबरला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. काँग्रेसची सरकारं नुकतीच प्रांताप्रांतांत आली होती, त्यांचे शिक्षणमंत्री समोर बसले होते. गांधीजींसमोर एक पेच होता. त्यांना दारूबंदी हवी होती, पण शाळांचा खर्च बऱ्याच अंशी दारूवरच्या करातून निघत होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या? त्यांनी उत्तर काढलं ते असं: मुलांना हाताच्या कामातून शिकवा, सूतकताईतून, सुतारकामातून, शेतीतून; आणि त्या कामाच्या उत्पन्नातून मास्तरांचा पगार निघू द्या.

१९३७ साली, वर्ध्यात, गांधीजी अध्यक्षस्थानी असताना यावर शंका काढायची म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. त्या सभेत जामिया मिल्लिया इस्लामियाचे चाळीस वर्षांचे कुलगुरू उभे राहिले. झाकीर हुसेन यांनी आधी कल्पनेचं स्वागत केलं. मग सांगितलं, की कामातून शिक्षण ही काही अगदी नवी गोष्ट नाही, शिक्षणशास्त्राला ती ठाऊक आहे. सगळेच विषय एका टकळीभोवती गुंफता येतील असंही त्यांना वाटत नव्हतं. आणि मग त्यांनी सगळ्यात नाजूक जागेवर बोट ठेवलं. शाळेने स्वतःचा खर्च काढलाच पाहिजे यावर फार जोर दिला, तर मास्तर मुलांकडून नुसतं काम करून घेतील. गरिबांच्या पोरांची मेहनत पिळली जाईल, आणि शिक्षणाच्या नावाखाली एक छुपी गुलामी उभी राहील. असं झालं तर ती टकळी पुस्तकांपेक्षाही वाईट ठरेल.

परिषदेच्या शेवटी अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष कोण? हेच झाकीर हुसेन. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस सय्यदैन अशी मंडळी होती. चिटणीसपद सांभाळणारे आर्यनायकम् मूळ सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. २ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल तयार झाला. त्यात हस्तव्यवसाय ठेवला, मातृभाषा ठेवली, सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण ठेवलं. पण पैशाच्या मुद्द्यावर स्पष्ट लिहिलं, की ही पद्धत स्वतःचा खर्च भागवू शकली नाही तरी शिक्षण म्हणून ती योग्यच आहे आणि त्यासाठीच ती स्वीकारावी.

आम्हाला यातली गंमत अशी वाटते, की झाकीर हुसेन यांनी गांधीजींची योजना धुडकावली नाही आणि डोळे झाकून उचललीही नाही. त्यांनी तिचे तुकडे केले. हा मान्य, हा अर्धा मान्य, हा धोक्याचा. आणि धोक्याचा तुकडा तोंडावर सांगितला, पाठीमागे नाही.

खरी परीक्षा पुढे होती. ती आपल्याच लोकांकडून आली.

वर्धा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडमध्ये होतं. याच प्रांतात शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्या मंदिर’ नावाची योजना आणली. गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. या नावावरून मुसलमानांमध्ये मोठी नाराजी पसरली, नागपुरात आंदोलन झालं. नाराजी खोटी नव्हती. सरकारी शाळेच्या पाटीवर ‘मंदिर’ हा शब्द असेल तर मुस्लिम आईबापांच्या मनात शंका येणार, हे समजायला फार हुशारी लागत नाही. ‘मंदिर म्हणजे नुसतं घर, वास्तू’ असा खुलासा करून भागत नाही. ज्याला तो शब्द टोचतो त्याला विचारायला हवं होतं.

पण त्या गदारोळात एक गोष्ट झाली, जी आजही होते. विद्या मंदिर ही प्रांतिक सरकारची योजना आणि वर्धा योजना हा देशासाठी तयार झालेला अभ्यासक्रम, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लोकांच्या बोलण्यात त्या एक झाल्या. १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगच्या पीरपूर समितीचा अहवाल आला. काँग्रेसशासित प्रांतांतल्या मुसलमानांच्या तक्रारींची ती यादी होती, आणि त्यात शाळेचं नाव, शाळेतली गाणी, वर्धा योजना सगळं एका माळेत आलं. वर्धा योजनेवरचा मुख्य आक्षेप होता की तिच्यात धर्मशिक्षणाला जागा नाही, आणि सगळे धर्म सारखे मानायला शिकवलं तर मुलाची स्वतःच्या दीनची समज पातळ होईल. हा आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजही आपल्यापैकी कित्येक आईवडिलांच्या मनात तो असतो.

इथे हे लक्षात ठेवायला हवं, की ज्या माणसाच्या सहीने हा अभ्यासक्रम निघाला तो दिल्लीत एक संस्था चालवत होता जिच्या नावातच ‘इस्लामिया’ आहे आणि जिथे मुलांना दीनी तालीम मिळत होती. म्हणजे धर्मशिक्षण नको असं त्यांचं म्हणणं असूच शकत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी दोन जागा वेगळ्या ओळखल्या: सगळ्या धर्मांची मुलं जिथे बसतात ती सरकारी शाळा, आणि कौमने स्वतःच्या पैशाने उभी केलेली शाळा. पहिलीत जे बसत नाही त्यासाठी दुसरी उभी करायची, आणि तिचा खर्च आपण उचलायचा.

लीगच्या वर्तुळात त्यांच्यावर ‘काँग्रेसचा माणूस’ असा शिक्का बसला. प्रत्यक्षात ते राजकीय पक्षांच्या कामापासून लांबच राहिले. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचं अध्यक्षपद त्यांनी १९३८ पासून दहा वर्षं सांभाळलं आणि जामियाही सोडली नाही. दोन्हीकडचे लोक संशयाने बघत असताना ते वर्धा-दिल्ली रेल्वेने ये-जा करत राहिले.

आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये, जामियाच्या रौप्यमहोत्सवात, त्यांनी जे करून दाखवलं ते त्या काळात जवळपास अशक्य होतं. कलकत्ता, नोआखाली, बिहार जळून झालेलं. त्या दिवसांत एकाच व्यासपीठावर नेहरू, मौलाना आझाद आणि मोहम्मद अली जिना येऊन बसले. समोरच्या नेत्यांना झाकीर हुसेन यांनी विनवलं, की आग कुणी लावली हे शोधत बसायची ही वेळ नाही, आधी ती विझवा. पुढच्याच वर्षी फाळणीच्या दंगलीत जालंधर स्टेशनवर त्यांना स्वतःला घेरलं गेलं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. त्यानंतरही ते इथेच राहिले, अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले.

कुणी म्हणेल, हा मोठ्या लोकांचा इतिहास. आमच्या हिंगणघाटच्या, आर्वीच्या, पुलगावच्या मोहल्ल्यात त्याचा काय उपयोग? म्हणून आता थेट आजच्या गोष्टीकडे येऊ.

वक्फ दुरुस्ती कायदा एप्रिल २०२५ मध्ये लागू झाला. तेव्हापासून आपल्याकडे दोनच वाक्यं फिरतायत. एक, ‘आपल्या मशिदी, कब्रस्तानं जाणार.’ दुसरं, ‘हा तर गरीब मुसलमानांच्या भल्याचा कायदा.’ झाकीर हुसेन यांच्यासारखे याचेही तुकडे करून बघता येतात. पाच वर्षं इस्लामचं पालन केल्याचं दाखवल्याशिवाय वक्फ करता येणार नाही, ही अट; ती सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ ला तूर्त थांबवली. सरकारी जमिनीच्या वादात अधिकाऱ्याच्या चौकशीवर मालमत्तेचा वक्फ दर्जा लटकवून ठेवणारी तरतूद, तीही थांबवली. बोर्डावर मुस्लिमेतर सदस्य. केंद्रीय परिषदेत २२ पैकी जास्तीत जास्त ४ आणि राज्य बोर्डात ११ पैकी ३ अशी मर्यादा न्यायालयाने घातली. हा अंतरिम आदेश देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई शेजारच्या अमरावतीचे, एवढं जाता जाता.

उलट, वापरावरून वक्फ मानण्याची जुनी पद्धत पुढच्या काळासाठी बंद करणारी तरतूद न्यायालयाने थांबवली नाही. नोंदणीची सक्तीही थांबवली नाही. आणि कौटुंबिक वक्फ करताना घरातल्या बायकांचा, मुलींचा वारसाहक्क डावलता येणार नाही, असंही याच कायद्यात आहे. जेवताना ‘एखादी तरतूद बरी वाटते’ म्हणणारी मुलगी कदाचित हेच म्हणत असेल. तिला गप्प करण्याआधी कोणती तरतूद, हे विचारलं तर बिघडतं का?

आमचं मत विचाराल तर, या कायद्याला विरोध करायला भरपूर जागा आहे. पण विरोध करणाऱ्याला कलम माहीत असलं पाहिजे. नोंदणी थांबवलेली नाही हे ज्यांना कळलं, ते कागद शोधायला लागले. ज्यांच्यापर्यंत फक्त घोषणा पोचली, ते कोर्ट सगळंच रद्द करेल म्हणून बसून राहिले. ‘उमीद’ पोर्टलवर माहिती भरायची सहा महिन्यांची मुदत डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला संपली. सरसकट मुदतवाढ द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. अडचण असेल त्याने ट्रिब्युनलकडे जावं, असं सांगितलं.

आता आंदोलनाबद्दल. आंदोलन करूच नये, असं सांगणारे आपल्यातही खूप आहेत. ‘आपल्याला काय करायचंय, पोरं अडकतील.’ भीती समजते. पण झाकीर हुसेन यांचं सार्वजनिक आयुष्यच एका बहिष्कारातून सुरू झालं. १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधूंनी अलिगढच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदतीवरचं कॉलेज सोडायला सांगितलं. तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन बाहेर पडले. पण बाहेर पडून घोषणा देत बसले नाहीत. त्याच २९ ऑक्टोबरला जामियाची स्थापना झाली, तिच्या उभारणीत ते होते. पुढे बर्लिनला जाऊन अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, परत आले, आणि १९२८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहून दिलं, की वीस वर्षं संस्थेची सेवा करू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. विरोधाची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली.

वर्ध्याजवळ आठ किलोमीटरवर पवनार आहे. तिथे १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. देशभर लाखो लोकांना रस्त्यावर आणणं गांधीजींना शक्य होतं. त्यांनी एक माणूस निवडला, सरकारला आधी कळवलं, आणि त्या माणसाने उघडपणे युद्धाविरुद्ध भाषण केलं. चार दिवसांनी अटक झाली. गर्दी नको होती, कारण गर्दीत कोण काय करेल याचा भरवसा नाही.

हा भरवसा नसणं म्हणजे काय ते नागपूरने १७ मार्च २०२५ ला दाखवलं. औरंगजेबाची कबर हटवा म्हणून विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने महाल भागात निदर्शनं केली. प्रतिकात्मक कबर जाळली. त्यावरच्या हिरव्या कापडावर पवित्र मजकूर होता, अशी बातमी संध्याकाळपर्यंत फोनाफोनी पसरली. ती अफवा होती, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. रात्रीपर्यंत दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी. एका मुस्लिम कुटुंबातला कमावता माणूस जखमी होऊन नंतर दवाखान्यात वारला. पुढच्या आठवड्यात महापालिकेने आरोपींच्या घरांवर बुलडोझर नेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कारवाई थांबवली, पण तोवर एक घर पडलं होतं. या सगळ्यात चूक कुणाची, किती, यावर न्यायालयात निकाल लागेल. भावना भडकवणाऱ्यांची जबाबदारी लहान नाही, आणि आरोप सिद्ध व्हायच्या आधी घर पाडणं हा न्याय नाही. पण सूरह हुजुरातमध्ये बातमी घेऊन येणाऱ्याची बातमी आधी पडताळून घ्यायला सांगितलंय, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हेही आपण सगळ्यांनी जुम्याच्या बयानात ऐकलेलं आहे. त्या संध्याकाळी ते किती जणांना आठवलं?

त्याच्या सहा आठवड्यांनी, ३० एप्रिलला, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने वक्फ कायद्याविरुद्ध ‘बत्ती गुल’ची हाक दिली. रात्री ९ ते सव्वानऊ घरातले दिवे बंद. ना रस्ता अडला, ना कुणाचं दुकान. काहींना हा प्रकार फिका वाटला. आम्हाला वाटला नाही. आजी, नातवंडं, आजारी माणूस, सगळ्यांना भाग घेता आला, आणि ज्याला पटत नव्हतं त्याने दिवा चालू ठेवला.

कायद्याचं थोडं. शांततेने, शस्त्राशिवाय जमणं हा घटनेच्या कलम १९ ने दिलेला हक्क आहे. शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० ला हा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असं सांगितलं. आपल्याकडे सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात, म्हणून मोर्चाआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची पोच घेणं ही साधी सवय आहे. आणि घरातल्या पोरांना हे नक्की सांगा: स्टेटस ठेवणं, फॉरवर्ड करणं यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ‘मी लिहिलं नव्हतं, फक्त पुढे पाठवलं’ एवढ्याने सुटका होईलच असं नाही. ही गोष्ट नोकरीच्या पडताळणीत, पासपोर्टच्या वेळी पुढे येते.

राहिला श्रद्धेचा प्रश्न, आणि तिथेच आपली जास्त गल्लत होते. नमाज, रोजा, निकाह, वारसा यांत मसला विचारायला आलिमांकडे जायचं, यात वाद नाही. पण तेच हजरत कोणत्या पक्षाला मत द्यावं हे सांगायला लागले, किंवा मोर्चाला न येणाऱ्याच्या ईमानवर बोलायला लागले, तर ते त्यांचं राजकीय मत असतं. चांगलं असेल, चुकीचं असेल, फतवा नव्हे. मत न पटणं आणि दीन सोडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी. इमाम अबू हनीफा यांचे सर्वांत जवळचे शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी कितीतरी मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळं मत दिलंय. ते मदरशांत आजही उस्तादांच्या मताशेजारी शिकवलं जातं. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे विद्यार्थी. त्यांचा तर वेगळा मसलकच झाला. कुणी कुणाला कौमचा गद्दार म्हटलं नाही. मग घरातल्या मुलाने ‘अब्बा, मला हे पटत नाही’ म्हटलं की आपल्याला एवढा घाम का फुटतो?

न वाचता विरोध करण्याची सवय एकट्या आपल्याला आहे असंही नाही. विनोबांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि निवडक आयतांचं संकलन ‘रूहुल कुरआन’ तयार केलं. १९६२ मध्ये ते हातात येण्याआधीच पाकिस्तानातल्या काही वृत्तपत्रांनी त्यावर टीका सुरू केली होती. पुस्तक कुणी पाहिलंच नव्हतं.

येत्या जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या कमिटीला विचारायला तीन-चार साध्या गोष्टी आहेत. आपल्या मशिदीची, कब्रस्तानाची, दर्ग्याची नोंद वक्फ बोर्डाकडे आहे का? सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं आहे? पोर्टलवर माहिती कुणी भरली, भरली नसेल तर ट्रिब्युनलकडे अर्ज केला का? कागद कुणाच्या घरी आहेत, आणि त्यांची एक झेरॉक्स मशिदीत ठेवली आहे का? विचारायला घरातल्या त्या कॉलेजच्या मुलीला पाठवता आलं तर फारच चांगलं. कायदा तिने वाचलाय.